कोड लिहिण्याची रीत आणि पानाचं वजन

जून २०१९ मध्ये व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचे कर्ते इव्हान यू यांनी एक प्रस्ताव जाहीर केला. व्ह्यूमधला कॉम्पोनंट तोवर एका ऑब्जेक्टच्या रूपात लिहिला जाई. डेटा एका कप्प्यात, मेथड्स दुसऱ्यात, कम्प्युटेड तिसऱ्यात, वॉचर चौथ्यात. प्रस्तावात हे कप्पेच नव्हते. त्यांच्या जागी साधी फंक्शन्स आणि साधी व्हेरिएबल्स होती. पुढे ही रीत कम्पोझिशन एपीआय म्हणून रूढ झाली आणि जुनीला ऑप्शन्स एपीआय म्हणू लागले. प्रस्ताव येताच व्ह्यू वापरणाऱ्यांत मोठा गदारोळ उडाला. अनेकांनी व्ह्यू निवडलं होतं ते त्या कप्प्यांच्या शिस्तीसाठीच. शिस्त मोडेल, कोडचा गुंता होईल, शिकलेलं वाया जाईल, अशी भीती त्यांनी उघडपणे मांडली. शेवटी नवी रीत जुनीच्या जोडीला राहील, जुनी काढली जाणार नाही, असं यू यांना स्पष्ट करावं लागलं.

प्रस्तावामागे तीन कारणं दिली होती. एका कॉम्पोनंटमधलं लॉजिक दुसऱ्यात सहज वापरता यावं, टाइपस्क्रिप्टला प्रकार नीट ओळखता यावेत, आणि बंडल लहान व्हावं. वाद रंगला तो कोडच्या मांडणीवरून, म्हणजे पहिल्या कारणाभोवती. हा लेख आहे तिसऱ्या कारणाविषयी. त्याच स्क्रीनसाठी, त्याच बटणासाठी, त्याच यादीसाठी दोन प्रोग्रॅमरांनी दोन रीतींनी कोड लिहिला, तर वापरणाऱ्याच्या फोनवर उतरणाऱ्या बाइट्समध्ये आणि फोनच्या कष्टांत फरक पडतो का? पडतो. तो का पडतो हे समजलं, तर किती पडेल याचा अंदाज आपोआप येऊ लागतो. नुसते नियम पाठ करून तो येत नाही.

वेब अ‍ॅप शेकडो फाइलींत लिहिलं जातं. वेबपॅक, रोलअप किंवा व्हीट यांसारखी साधनं त्या फाइली एकत्र जोडतात, नको ते गाळतात, उरलेलं आवळतात आणि काही मोजक्या फाइली तयार करतात. हेच बंडल. सर्व्हरवरून ते गझिप किंवा ब्रॉटली पद्धतीने दाबून पाठवलं जातं. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि तिथेच चूक होते. शंभर किलोबाइटचं चित्र आणि शंभर किलोबाइटचं जावास्क्रिप्ट यांना नेटवर्कवर सारखाच वेळ लागेल. पण चित्र उलगडून पडद्यावर मांडलं की काम संपतं. जावास्क्रिप्ट आधी पूर्ण उलगडावं लागतं, मग ब्राउझरचं इंजिन ते वाचतं, त्याची रचना समजून घेतं, बाइटकोड बनवतं आणि मग चालवतं. हे बरंचसं काम त्याच मुख्य थ्रेडवर होतं, जिथे बोटाच्या स्पर्शाला उत्तर द्यायचं असतं. हिंजवडीतल्या कार्यालयात नव्या लॅपटॉपवर हा वेळ डोळ्यांना जाणवतही नाही. नंदुरबारमध्ये स्वस्त अँड्रॉइड फोनवरून प्रवेश अर्ज भरणाऱ्या मुलीला तोच वेळ बटण दाबूनही काही न होणारा फोन म्हणून भेटतो.

जगभरच्या संकेतस्थळांची नियमित मोजदाद करणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या २०२४च्या आकड्यांनुसार मोबाइलवरचं मधलं पान पाचशे किलोबाइटहून अधिक जावास्क्रिप्ट मागवतं, आणि त्यातला मोठा वाटा पान उघडताना चालतच नाही. दुसरीकडे गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये मार्च २०२४ पासून आयएनपी हा निकष आला. वापरणाऱ्याने काही केल्यापासून पडद्यावर त्याचं उत्तर दिसेपर्यंत २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, असं तो सांगतो. पान लवकर दिसणं एवढ्यावर आता भागत नाही. दिसल्यानंतर ते हलकं वागलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा. सिलेक्टेडकस्टमरअ‍ॅड्रेस असं २३ अक्षरांचं नाव एखाद्या फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला दिलं असेल, तर टर्सर किंवा ईएसबिल्डसारखा मिनिफायर ते बेधडक एका अक्षराचं करून टाकतो. फंक्शनबाहेर त्या नावाला कोणी ओळखत नाही, हे त्याला कोड न चालवताच खात्रीने सांगता येतं. तेच नाव ऑब्जेक्टची प्रॉपर्टी म्हणून, ‘धिस’वर टांगून लिहिलं, की मिनिफायरचे हात बांधले जातात. ती प्रॉपर्टी दुसऱ्या फाइलमधून, टेम्प्लेटमधून किंवा धावत्या प्रोग्रॅममध्ये तयार झालेल्या एखाद्या स्ट्रिंगमधूनही मागितली जाऊ शकते. खात्री नाही, म्हणून हात लावायचा नाही. तो धोका पत्करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

ऑप्शन्स एपीआयमधली जवळपास सगळी नावं अशी टांगलेली असतात. डेटातलं नाव, मेथडचं नाव, कम्प्युटेडचं नाव, आणि टेम्प्लेटपासून बनलेल्या रेंडर फंक्शनमध्ये त्यांचा प्रत्येक उल्लेख हे सगळं पूर्ण लांबीचं राहतं. कम्पोझिशन एपीआयच्या ‘स्क्रिप्ट सेटअप’ रीतीत व्ह्यूचा कम्पायलर अंतिम बिल्ड करताना टेम्प्लेटचं फंक्शन त्याच व्हेरिएबल्सच्या शेजारी, त्याच स्कोपमध्ये आणून बसवतो. मधला ऑब्जेक्ट नाहीसा होतो, नावं स्थानिक होतात आणि आखूड होऊ शकतात. बाइट्सबरोबर एक धावतं कामही वाचतं. जुन्या रीतीत टेम्प्लेट एखादं नाव मागतं तेव्हा मध्ये एक प्रॉक्सी उभी असते. हे नाव डेटातलं, प्रॉप्समधलं की आणखी कुठलं, याचा शोध तिला घ्यावा लागतो. लागलेला शोध व्ह्यू लक्षात ठेवतं, त्यामुळे दर वेळी पूर्ण फेरी होत नाही. तरी प्रॉक्सीतून जाण्याचा खर्च उरतोच. नव्या रीतीत टेम्प्लेट व्हेरिएबलला थेट हात घालतं. एक मात्र ध्यानात ठेवावं. हे एकत्र बसवणं विकासाच्या वेळी बंद असतं, म्हणून दोन रीतींची तुलना करायची ती नेहमी अंतिम बिल्डवर.

रिअ‍ॅक्ट या व्ह्यूसारख्याच दुसऱ्या साधनातही हेच घडलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये, कॉम्पोनंट क्लासऐवजी साध्या फंक्शनने लिहू देणारे हुक्स जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ या आवृत्तीतून सर्वांच्या हाती आले. त्यांची कारणमीमांसा देताना रिअ‍ॅक्टच्या चमूने क्लास नीट मिनिफाय होत नाहीत हेही नोंदवलं होतं. जुन्या ब्राउझरांसाठी क्लास जुन्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवताना बेबेल काही मदतनीस फंक्शन्स घालतो: वारसा जोडणारं एक, क्लास बांधणारं एक, तो योग्य प्रकारे बोलावला गेला का हे तपासणारं एक. वेगळी सोय केली नाही तर ही फंक्शन्स प्रत्येक फाइलीत पुन्हा पुन्हा येतात. फंक्शन कॉम्पोनंटला यातलं काहीच लागत नाही.

तरीही इथे घाईने टाळ्या पिटू नयेत. गझिप पद्धत पुनरावृत्तीवरच जगते. तेच २३ अक्षरांचं नाव फाइलीत चाळीस वेळा आलं, तर पहिल्या वेळेनंतर त्याच्या जागी फक्त मागचा निर्देश साठवला जातो. म्हणजे मिनिफाय केलेल्या फाइलीत ठसठशीत दिसणारा फरक दाबलेल्या फाइलीत बराच उतरतो. फोनवर उलगडल्यानंतर मात्र इंजिनाला पूर्ण मजकूरच वाचावा लागतो. म्हणून फायद्याचे दोन आकडे वेगळे ठेवावेत, नेटवर्कचा एक आणि प्रोसेसरचा एक. कुठल्याही लेखात एकच आकडा देऊन बढाई मारलेली दिसली, तर तो कुठल्या टप्प्यावरचा हे आधी विचारावं. व्ह्यू ३च्या सप्टेंबर २०२० मधल्या घोषणेत बंडल ४१ टक्क्यांपर्यंत हलकं, पहिलं रेंडर ५५ टक्क्यांपर्यंत जलद असे आकडे होते. ते व्ह्यू २च्या तुलनेत अख्ख्या फ्रेमवर्कचे आहेत. ते केवळ कम्पोझिशन एपीआयच्या नावावर खपवणं चूक आहे, आणि अशी चूक वारंवार होताना दिसते.

नावं आखूड होण्यापेक्षा कोड गळून पडण्याचा परिणाम कितीतरी मोठा. २०१५ मध्ये रिच हॅरिस यांनी रोलअप आणलं आणि ट्री-शेकिंग हा शब्द प्रोग्रॅमरांच्या तोंडी बसला. त्याच वर्षीच्या जावास्क्रिप्टच्या नव्या मानकात इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट आले होते. ते फाइलीच्या वरच्या पातळीवर, ठरलेल्या नावांनीच लिहावे लागतात. त्यामुळे कोण कुणाला वापरतं याचा नकाशा कोड न चालवता काढता येतो, आणि ज्याच्याकडे कुठलीच वाट जात नाही तो भाग वगळता येतो. घर बदलताना प्रत्येक भांडं सुटं दिसत असेल तर नको ते मागे ठेवता येतं. सगळं एका गाठोड्यात बांधलेलं असेल तर गाठोडं तसंच उचलावं लागतं. क्लास हे असं गाठोडं आहे. त्याची एक मेथड हवी असली तरी सगळ्या मेथड्स सोबत येतात, कारण यातली कुठली कधीच बोलावली जाणार नाही हे साधनाला सिद्ध करता येत नाही.

मोमेंट या तारखांच्या लायब्ररीची गोष्ट यासाठी बोलकी आहे. एक तारखेचा ऑब्जेक्ट, आणि बेरीज, वजाबाकी, मांडणी सगळं त्याच्यावरच टांगलेलं. लिहायला अतिशय सुखाची रीत, म्हणून ती जगभर पसरली. पण नुसती तारीख छापायची असली तरी अख्खी लायब्ररी येई. वेबपॅक वापरणाऱ्यांकडे तर सगळ्या भाषांच्या फाइलीही सोबत येत. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या देखभाल करणाऱ्यांनीच नवी वैशिष्ट्यं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि ट्री-शेकिंगशी ती जुळत नाही हेही कारणांमध्ये मोकळेपणाने सांगितलं. डेट-एफएनएसने तेच काम सुट्या फंक्शन्सनी केलं. आरएक्सजेएसने २०१७ मध्ये ५.५ आवृत्तीत ऑपरेटर प्रोटोटाइपवर चिकटवण्याची पद्धत सोडून पाइपमध्ये घालायची सुटी फंक्शन्स दिली. फायरबेसच्या वेब एसडीकेने ऑगस्ट २०२१ मध्ये नवव्या आवृत्तीत हाच रस्ता धरला. वेगवेगळ्या चमूंनी, वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेल्या लायब्रऱ्या एकाच दिशेला वळल्या, याला निव्वळ फॅशन म्हणता येणार नाही.

व्ह्यूने स्वतःलाही हेच औषध दिलं. व्ह्यू २मध्ये नेक्स्टटिकसारख्या गोष्टी एका जागतिक ऑब्जेक्टवर होत्या. व्ह्यू ३मध्ये त्या नावानिशी इम्पोर्ट कराव्या लागतात. टेम्प्लेटमध्ये ट्रान्झिशन वापरलंच नसेल तर कम्पायलर त्याचा इम्पोर्ट लिहीतच नाही, मग तो कोड बंडलमध्ये येण्याचा प्रश्नच उरत नाही. पण प्रोग्रॅमरने सगळे कॉम्पोनंट अ‍ॅपच्या सुरुवातीलाच जागतिक नोंदणीने जोडून टाकले, तर ही सगळी मेहनत वाया जाते. एकाही पानावर न वापरलेला कॉम्पोनंटही मग बंडलमध्ये बसून राहतो. हीदेखील कोडिंगची रीतच आहे, आणि अनेक जुन्या प्रकल्पांत ती केवळ सवयीने चालू असते.

अशा सवयी आणखीही आहेत. एका फोल्डरमधल्या सगळ्या गोष्टी पुन्हा एक्सपोर्ट करणारी इंडेक्स फाइल दिसायला नीटस असते; पण आतल्या एखाद्या फाइलीने लोड होतानाच काही काम केलं, कुठे नोंद केली, एखादा जागतिक बदल घडवला, तर साधन ती फाइल वगळायला धजत नाही. आपल्या फाइली असं काही करत नाहीत, हे पॅकेजने जाहीर करण्याची सोय वेबपॅक ४ने २०१८ मध्ये दिली. लोडॅशमधून एकच फंक्शन नावाने मागितलं तरी मूळ पॅकेज जुन्या कॉमनजेएस पद्धतीचं असल्याने गझिपनंतरही सुमारे २५ किलोबाइटची पूर्ण लायब्ररी येते. तिचीच ईएस मॉड्यूल आवृत्ती वापरली की हवं तेवढंच येतं. बदल एका ओळीचा.

कम्पायलरच्या बळावर हा प्रश्न मुळातूनच सोडवता येईल का? रिच हॅरिस यांनीच २०१६ मध्ये स्वेल्ट आणलं. त्यात फ्रेमवर्कचा रनटाइम जवळपास नाहीसा होतो आणि प्रत्येक कॉम्पोनंट थेट डॉम हाताळणाऱ्या कोडमध्ये उतरतो. लहान अ‍ॅपचं बंडल थक्क करण्याइतकं लहान होतं. २०२१ मध्ये इव्हान यू यांनी टूडूएमव्हीसी या परिचित नमुन्यातला एकच कॉम्पोनंट दोन्हीकडे कम्पाइल करून मोजला आणि मोजणी खुली ठेवली. व्ह्यूचा पाया जड, पण दर कॉम्पोनंटमागे निघणारा कोड कमी. स्वेल्टचा पाया हलका, पण दर कॉम्पोनंट जड. तेवढ्याच आकाराचे एकोणीसच्या आसपास कॉम्पोनंट झाले की दोन्हींची बेरीज सारखी होत होती. मोजणारा स्पर्धक होता, आणि स्वेल्टच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या पाचव्या आवृत्तीने ही रचना पुष्कळ बदलली, तेव्हा तो आकडा आज जसाच्या तसा लावू नये. विचाराची पद्धत मात्र टिकाऊ आहे. एक पायाचा खर्च असतो आणि एक दर कॉम्पोनंटमागचा. पाचशे कॉम्पोनंटच्या अ‍ॅपमध्ये दुसरा खर्चच सगळं ठरवतो, आणि कोडिंगची रीत बोलते ती या दुसऱ्या खर्चात.

फंक्शनच्या रीतीला स्वतःची किंमत नाही असंही नाही. रिअ‍ॅक्टचा फंक्शन कॉम्पोनंट प्रत्येक रेंडरला वरपासून खालपर्यंत पुन्हा चालतो, आतली फंक्शन्स पुन्हा जन्माला येतात. ती नवी असल्यामुळे खालच्या कॉम्पोनंटना प्रॉप्स बदलल्यासारखे वाटतात, आणि ते रोखायला जागोजागी यूजमेमो आणि यूजकॉलबॅक पेरले जातात. तोही कोडच, त्यालाही वजन. व्ह्यूचं सेटअप फंक्शन एका कॉम्पोनंटसाठी एकदाच चालतं, म्हणून तिथे ही अडचण नाही.

तिथली चूक दुसरीकडे होते, आणि ती बंडलच्या आलेखात कधीच दिसत नाही. एक लांब यादी आहे, तिच्यातली एक ओळ निवडलेली दाखवायची आहे. निवडलेल्या ओळीचा क्रमांक प्रत्येक ओळीच्या कॉम्पोनंटला प्रॉप म्हणून दिला आणि ‘हा माझाच का’ हे ज्याने त्याने आत ठरवलं, तर निवड बदलताच प्रत्येकाचा प्रॉप बदलतो आणि सगळी यादी पुन्हा रेंडर होते. तुलना वरच करून प्रत्येकाला फक्त हो किंवा नाही एवढं पाठवलं, तर आधी निवडलेली आणि आता निवडलेली अशा दोनच ओळी बदलतात. व्ह्यूच्या अधिकृत मार्गदर्शकात हे उदाहरण आहे. बाइट्स जवळपास तेवढेच, लेखनात एका ओळीचा फरक, आणि स्वस्त फोनवर बोटाखाली जाणवणारा बदल. त्याच मार्गदर्शकात आणखी एक इशारा आहे. कॉम्पोनंटचं एक उदाहरण साध्या डॉम नोडपेक्षा बरंच महाग असतं. मोठ्या यादीत प्रत्येक ओळीभोवती केवळ नीटसपणासाठी एक जास्तीचा वेष्टन-कॉम्पोनंट घातला, तर तो खर्च ओळींच्या संख्येने गुणला जातो.

या सगळ्यात अग्रक्रम विसरू नये. एखादी अवजड चार्ट लायब्ररी पहिल्याच पानावर ओढून आणली असेल, तर कॉम्पोनंट कुठल्या रीतीने लिहिले याने फारसं काही वाचत नाही. आधी ती लायब्ररी खरोखर लागते का ते पाहावं, मग ती डायनॅमिक इम्पोर्टने गरज पडेल तेव्हाच आणावी, मार्गानुसार बंडल तोडावं; कॉम्पोनंटच्या रीतीकडे त्यानंतर वळावं. आणि वळताना नावं हाताने आखूड करू नयेत. लांब, स्पष्ट, वाचणाऱ्याला समजणारी नावं द्यावीत आणि ती यंत्राला आवळता येतील अशा जागी ठेवावीत. बंडलमध्ये काय बसलं आहे ते वेबपॅक बंडल अ‍ॅनालायझर किंवा रोलअपच्या व्हिज्युअलायझरने चित्ररूपात दिसतं. पान उघडताना त्यातलं किती चाललं ते क्रोमच्या कव्हरेज टॅबमध्ये कळतं. प्रोसेसर मुद्दाम मंद करून पाहण्याची सोयही त्याच ब्राउझरमध्ये आहे. ती न वापरता कामगिरीबद्दल बोलणं म्हणजे दुसऱ्यांच्या फोनबद्दल अंदाज बांधणं.

रीतीचा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे, कारण नवी साधनं एकाच रीतीला साथ देऊ लागली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्ट कम्पायलरची पहिली स्थिर आवृत्ती आली. हाताने पेरलेल्या मेमोची बरीच गरज तो संपवतो, पण फक्त नियम पाळणाऱ्या फंक्शन कॉम्पोनंट आणि हुक्ससाठी. क्लास कॉम्पोनंटना तो हात लावत नाही. त्याच वर्षी व्ह्यू ३.६च्या चाचणी आवृत्त्यांत व्हेपर मोड आला. त्यात व्हर्च्युअल डॉम नाही. कॉम्पोनंट थेट डॉम हाताळणारा कोड होऊन बाहेर पडतो, आणि संपूर्ण अ‍ॅप व्हेपरमध्ये असेल तर व्हर्च्युअल डॉमचा रनटाइम बंडलमध्ये येतच नाही. मात्र व्हेपर ‘स्क्रिप्ट सेटअप’मध्ये लिहिलेल्या कॉम्पोनंटनाच लागू आहे. ऑप्शन्स एपीआयचे कॉम्पोनंट २०१९ मध्ये दिलेल्या शब्दाप्रमाणे आजही विनातक्रार चालतात आणि व्हेपरच्या कॉम्पोनंटसोबत एका अ‍ॅपमध्ये नांदूही शकतात; पण त्यासाठी दोघांना जोडणारं प्लगइन लावावं लागतं, आणि व्हर्च्युअल डॉमचा सगळा रनटाइम पुन्हा बंडलमध्ये येतो.